साडी नेसली म्हणून काम अडते का?

शिरपूर तालुक्यात कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी शेतरस्त्याने गेले की मजूर बायांच्या टोळ्या दिसतात. त्यातल्या अनेकींच्या अंगात साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट असतो. नवऱ्याचा जुना, नाहीतर मुलाला आखूड झालेला. उकललेल्या बोंडाची वाळकी टोके हाताला ओरबाडतात, ऊन भाजते, पानांनी खाज सुटते. शर्टाने हात झाकला जातो आणि खिशात मोबाइलही राहतो. ऊसतोडीच्या फडातही हेच चित्र. बायांनी पुरुषाचे कपडे घातले आहेत, असे कोणाच्या मनातही येत नाही. वेचणीचा पैसा किलोवर मिळतो आणि शर्ट घातला की हात न बिचकता चालतो, एवढाच त्याचा अर्थ.

त्याच तालुक्यात एखादा पुरुष घराचे दार लावून साडी नेसतो किंवा गाऊन घालतो, तेव्हा तो हे जन्मभर कोणाला सांगत नाही. असा माणूस सरकारी दवाखान्यात आला तर केसपेपरवर कपड्यांचा उल्लेख नसतो. अशक्तपणा, झोप नाही, डोके जड, कामात मन लागत नाही, अशा तक्रारी असतात. जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन तो परत जातो. दोन-तीन खेपा झाल्यावर, ओपीडीतली गर्दी ओसरलेली पाहून, खालच्या आवाजात तो मूळ गोष्ट काढतो. प्रश्न बहुधा एकच असतो: ‘या सवयीमुळेच माझ्या हातून काही होत नाही का?’

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. घरात दुसऱ्या लिंगाचे कपडे घातल्याने कामावर काय परिणाम होतो, याचे उत्तर शोधायला गेले की कपड्याचा वाटा फार थोडा निघतो. वेळ आणि डोके खाणारी गोष्ट दुसरीच असते.

जुना शब्द, बदललेले वर्गीकरण

या वागण्याला वैद्यकात पहिले नाव दिले ते जर्मन डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड यांनी, १९१० मध्ये. ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे आणि ‘व्हेस्टिस’ म्हणजे वस्त्र, या लॅटिन शब्दांवरून त्यांनी ‘ट्रान्सव्हेस्टाइट’ हा शब्द केला. अशा वेशाची ओढ आणि समलिंगी आकर्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्यांनी तेव्हाच मांडले. शंभर वर्षे उलटली तरी हा फरक आपल्याकडे लोकांच्या गळी उतरलेला नाही. साडी नेसणारा पुरुष म्हटला की तो ‘तसला’ असणार किंवा तृतीयपंथी होणार, असे गृहीत धरले जाते. अमेरिकेत १९९० ते १९९२ या काळात असा वेश करणाऱ्या १,०३२ पुरुषांची पाहणी झाली. त्यातल्या ८७ टक्क्यांनी आपल्याला स्त्रियांचेच आकर्षण असल्याचे सांगितले आणि ८३ टक्क्यांचे कधी ना कधी लग्न झालेले होते. म्हणजे हा प्रश्न मोठ्या प्रमाणात संसारी माणसांचा आहे.

असे लोक किती? स्वीडनमध्ये सर्वसाधारण लोकसंख्येतून निवडलेल्या २,४५० स्त्री-पुरुषांच्या पाहणीत २.८ टक्के पुरुषांनी आणि ०.४ टक्के स्त्रियांनी अशा वेशामुळे निदान एकदा तरी लैंगिक उत्तेजना अनुभवल्याचे सांगितले. हा निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. यात फक्त लैंगिक उत्तेजना मोजलेली आहे. केवळ बरे वाटते, शांत वाटते म्हणून वेश करणारे त्यात धरलेले नाहीत. अनेकांच्या बाबतीत वयात येताना असलेली उत्तेजना पुढे ओसरते आणि चाळिशीत उरते ती फक्त सैलावल्याची भावना. काही थोड्यांच्या बाबतीत मात्र प्रश्न कपड्यांच्या पलीकडचा असतो. आपण मुळात स्त्रीच आहोत, ही त्यांची लहानपणापासूनची ठाम जाणीव असते. त्यांची गरज वेगळी आणि त्यांना लागणारी मदतही वेगळी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या दहाव्या आवृत्तीत या वेशाची दोन निदाने होती. मे २०१९ मध्ये अकरावी आवृत्ती मंजूर झाली, १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली आणि त्यात ही दोन्ही निदाने वगळली गेली. एकट्याने किंवा परस्परसंमतीने केलेल्या अशा वागण्याला आता आजार ठरवायचे तर त्या माणसाला तीव्र मनस्ताप होत असला पाहिजे किंवा जिवाला, शरीराला धोका असला पाहिजे. त्यातही एक बारीक पण मोलाची अट आहे. लोक नाकारतील, हसतील या भीतीतून होणारा मनस्ताप निदानासाठी धरायचा नाही. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही कलम ३ मध्ये असेच तत्त्व आहे: समाजातल्या रूढ नैतिक किंवा सांस्कृतिक मूल्यांशी एखादा जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक रुग्ण ठरवता येत नाही.

बालगंधर्वांची पाळी

साडीमुळे पुरुषाचे काम अडते का, याचे सर्वांत मोठे उत्तर मराठी माणसाला घरबसल्या मिळण्यासारखे आहे. मराठी संगीत नाटकात स्त्रीची भूमिका करणाऱ्या नटाला ‘स्त्रीपार्टी’ म्हणत. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व (१८८८-१९६७), हे त्यातले शिखर. नऊवारी, दागिने, गजरा अशा साजात ते तासन्‌तास गात. त्यासाठी दमसास लागे, पाठांतर लागे, सहनटाकडे आणि साथीकडे सतत ध्यान लागे. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग मुंबईत होता आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. प्रयोग थांबला नाही. भामिनी होऊन ते उभे राहिले. ‘एकच प्याला’त तर फाटके लुगडे नेसून जात्यावर दळण दळणारी सिंधू त्यांनी उभी केली. साडीने कार्यक्षमता घटते, असे या माणसाच्या बाबतीत म्हणायची कोणाची प्राज्ञा आहे?

यात आणि दार लावून नेसलेल्या साडीत फरक आहे, हे उघड आहे. नटाच्या वेशाला ठरलेली वेळ होती, ठरलेली जागा होती. पडदा पडला की रंग उतरे, धोतर-कोट अंगावर चढे आणि राजहंस घरी जात. पत्नी, मुले, नाटक मंडळी, प्रेक्षक या सर्वांना तो वेश ठाऊक होता. लपवायला काही उरलेच नव्हते. उलट त्यांच्या नेसण्याची तऱ्हा सुशिक्षित घरांतल्या स्त्रिया उचलत.

खानदेशात तमाशाच्या गौळणीत मावशी येते, ती बहुधा मिशा काढलेला पुरुषच असतो. गावच्या जत्रेत बायाबापड्या तिला पाहून पोट धरून हसतात. पण वेशाची चौकट मोडली आणि लोकांनी ती भूमिकाच माणसाला चिकटवली की काय होते, ते गणपत पाटील यांच्या वाट्याला आले. तमाशापटांत नाच्याची भूमिका त्यांनी इतकी चोख केली की लोक त्यांना खऱ्या आयुष्यातही तसेच समजू लागले आणि त्याचा त्रास त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना झाला. त्यांची कामगिरी उत्तमच होती. मनस्ताप दिला तो पाहणाऱ्यांनी.

आखाजीचे चार दिवस

आता घरातला प्रसंग पाहू. समजा, शिरपुरातल्या एखाद्या कॉलनीत राहणारा पंचेचाळिशीचा माणूस आहे. कचेरीत हिशेबाचे काम करतो. आखाजीला बायको मुलांना घेऊन अमळनेरला माहेरी गेली. चार दिवस घर मोकळे. कचेरीतून घरी आणलेला हिशेब पुरा करायचा, मुलाच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा, पंखे पुसायचे, कूलरला नवे गवत बसवायचे, असा त्याचा बेत आहे. शिवाय कपाटाच्या वरच्या कप्प्यात जुन्या सुटकेसमध्ये एक गाऊन आणि एक साडी आहे.

पहिल्या दिवशी दुपारी तो दार-खिडक्या लावतो. बाहेर बेचाळीस अंश तापमान, आत कूलर बंद, कारण खिडकी उघडी ठेवायची नाही. साडी नेसायला पाऊण तास जातो. मग तो हिशेबाची वही उघडतो. फाटक वाजले की दचकतो. शेजारची बाई दही मागायला आली तर? मोबाइल वाजतो, बायकोचा व्हिडिओ कॉल आहे. तो उचलत नाही, मग न उचलण्याचे कारण तयार करत बसतो. दोन तासांत वहीची दीड पाने होतात. संध्याकाळी कपडे घडी करून ठेवताना पदराला हळदीचा डाग दिसतो, तो धुण्यात आणि घरातच वाळवण्यात रात्र जाते. तिसऱ्या दिवशी त्याला स्वतःचाच राग येतो. साडी आणि गाऊन पिशवीत घालून तो अरुणावतीच्या पुलाकडे जातो आणि टाकून येतो. पुन्हा असे करायचे नाही, अशी शपथ घेतो. दोन-तीन महिन्यांत तो धुळ्याला जाऊन, कोणी ओळखीचे नाही असे पाहून, ‘बायकोसाठी’ म्हणून नवा गाऊन आणतो. टाकणे आणि पुन्हा विकत घेणे हे चक्र जगभरच्या अशा पुरुषांच्या सांगण्यात सापडते. त्यात पैसाही बराच जातो.

या चार दिवसांचा हिशेब मांडला तर साडीने प्रत्यक्ष खाल्लेला वेळ पाऊण तास. बाकी सगळा वेळ फाटकाकडे कान देण्यात, कारणे रचण्यात, डाग लपवण्यात आणि स्वतःला दोष देण्यात गेला.

गुपितावर झालेले संशोधन याला दुजोरा देते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील मायकेल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दहा अभ्यासांतून तेरा हजारांहून अधिक गुपितांचा विचार केला. गुपिताचा त्रास म्हणजे समोरच्यापासून ते लपवण्याची कसरत, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात माणसाला असे लपवावे लागण्याचे प्रसंग कमी येतात. त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा तो एकटा असताना त्याचे मन त्या गुपिताकडे आपोआप वळते आणि मनःस्वास्थ्य बिघडण्याचा संबंध या वळण्याशी अधिक दिसतो. म्हणजे हा हिशेबनीस सोमवारी शर्ट-पॅंट घालून कचेरीत बसला तरी सुटकेस त्याच्या डोक्यात असते. बायको आज कपाट आवरणार होती, तिने वरचा कप्पा काढला असेल का? आकड्यांची बेरीज चुकते ती इथे.

विचार दाबून टाकणे हाही उपाय होत नाही. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये काही जणांना सांगितले की पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिले आणि नंतर विचार करायची मोकळीक दिल्यावर तर ते अधिकच आले. शपथा मोडतात त्या निश्चय कच्चा असतो म्हणूनच, असे समजण्याचे कारण नाही. मनाची रचनाच अशी आहे.

आरशातली नजर

तरीही कपड्याचा स्वतःचा काही परिणाम होतो का? त्यावरही प्रयोग झाले आहेत. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या हायो अ‍ॅडम आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की यांनी काही जणांना एक पांढरा कोट दिला. हा डॉक्टरचा कोट आहे असे सांगितलेल्यांचे लक्ष, तोच कोट चित्रकाराचा आहे असे सांगितलेल्यांपेक्षा अधिक टिकले. हा निष्कर्ष जगभर गाजला. पुढे २०१९ मध्ये त्याच अभ्यासमालिकेतला पहिला प्रयोग अधिक लोकांवर जसाच्या तसा करून पाहिला तेव्हा परिणाम आढळला नाही. त्यामुळे अमुक कपडे घाला आणि कामाचा वेग वाढवा, असा सल्ला कोणी देत असेल तर तो ऐकून सोडून द्यावा.

दुसरा प्रयोग या विषयाच्या अधिक जवळचा आहे. बार्बरा फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये विद्यार्थ्यांना आरसा असलेल्या खोलीत एकेकट्याने कपडे घालून पाहायला सांगितले, काहींना पोहण्याचा पोशाख आणि काहींना स्वेटर. तेच कपडे अंगात असताना गणिते सोडवायला दिली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना स्वेटरमधल्या मुलींपेक्षा कमी गुण मिळाले. मुलांमध्ये तसा फरक दिसला नाही. खोलीत दुसरे कोणीही नव्हते. आपण कसे दिसतो, याचा पहारा त्या मुली स्वतःच करत होत्या आणि डोक्याचा एक भाग त्यात गुंतून पडला होता.

आपल्या बायका हा पहारा रोज करतात. पदर सरकला का, दार वाजले की गाऊनवर ओढणी घेतली का, याचे भान त्यांना लहानपणापासून लावले जाते. साडी नेसून आरशासमोर उभा राहणारा पुरुष हाच पहारा स्वतःवर बसवतो, वर पकडले जाण्याचा धाक. आरशापुढचा वेळ आणि कामाचा वेळ एकाच दुपारी कोंबला तर काम मागे पडणारच. कापूस वेचणाऱ्या बाईच्या शर्टाला आरसा लागत नाही, म्हणून तो कामाचा.

झाडू हातात येतो, तो का?

याची दुसरी बाजू आहे आणि तीही ऐकण्यासारखी आहे. काही पुरुष सांगतात की त्या कपड्यांत घरातली कामे उलट भराभर होतात. भांडी घासली जातात, फरशी पुसली जाते, स्वयंपाक मनापासून होतो. एरवी कंटाळा येणाऱ्या कामाला एक गोडी येते.

यात चमत्कार नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण दिवसाला २६.१ टक्के होते आणि स्त्रियांचे ८१.२ टक्के. जे करतात त्यांच्यातही पुरुषांचा वेळ सरासरी ९७ मिनिटे आणि स्त्रियांचा २९९ मिनिटे. ज्या समाजात चारपैकी तीन पुरुष दिवसभरात घरकामाला हातच लावत नाहीत, तिथे झाडू हे बायकी काम आहे, हे पुरुषाच्या हाडीमाशी मुरलेले असते. गाऊन घातल्यावर त्याला ते काम करायची जणू परवानगी मिळते. शिवाय आवडीची गोष्ट आणि कंटाळवाणे काम एकत्र बांधले की कंटाळा सुसह्य होतो. रेडिओ लावून भाकरी थापणारी बाई हेच करते. पॅंट घातली की झाडू कुठे ठेवलाय ते न सापडणाऱ्या नवऱ्यांबद्दल खरे तर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

ज्यांचे काम होते आणि ज्यांचे अडते, त्यांच्यातला फरक शोधला तर तो बऱ्याचदा घराच्या परिस्थितीत सापडतो. बायकोला ठाऊक आहे आणि तिने ते मान्य केले आहे किंवा माणूस एकटा राहतो, दाराला नीट कडी आहे, कपडे साधे रोजच्या वापराचे आहेत, तिथे वेश पाच मिनिटांत होतो आणि डोके कामाला मोकळे राहते. चोरून, घाईत, महिन्यातून एकदा मिळणाऱ्या दुपारी तसे होत नाही. उपाशी माणसासमोर ताट ठेवून त्याला हिशेब करायला सांगावे, तशी ती दुपार असते. म्हणून काम आधी आणि कपडे नंतर, त्यासाठी ठरावीक वेळ आणि तेवढ्यापुरता फोन दूर, ही साधी शिस्त अनेकांना उपयोगी पडते. रागाच्या भरात कपडे फेकून न देणे हाही त्या शिस्तीचाच भाग.

डॉक्टरने काय पाहायचे

रुग्णाने कपड्यांची गोष्ट सांगितली की काही डॉक्टर तिथेच अडकतात. त्याच्या झोपेकडे, भुकेकडे, दारूकडे, जगण्याच्या इच्छेकडे पाहायचे राहून जाते. कामात मन न लागण्याचे कारण अनेकदा सरळ नैराश्य असते आणि ते औषधाने व समुपदेशनाने बरे होते, कपडे सुटोत वा न सुटोत. ‘मरून जावे असे वाटते का?’ हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारायला हवा. विचारल्याने तसा विचार डोक्यात भरवला जातो, ही भीती निराधार आहे.

वेश करणे हातचे सुटले आहे का, हे ओळखायच्या खुणा आहेत. त्यापायी रजा पडतात का, कर्ज झाले का, ठरवूनही थांबता येत नाही का, दुसऱ्याचे कपडे चोरणे किंवा कोणावर जबरदस्ती करणे असा प्रकार घडतो का? उत्तर होय असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे जायला हवे. साठी ओलांडलेल्या माणसात हे वागणे पूर्वी कधी नसताना अचानक सुरू झाले तर मेंदूची तपासणी आवश्यक आहे. मेंदूच्या पुढच्या भागाचा ऱ्हास झाला की संकोच सुटतो आणि वागणे बदलते. पार्किन्सनच्या काही औषधांनीही अशी ओढ निर्माण झाल्याची आणि औषध बदलल्यावर ती गेल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. असे असल्यास औषध स्वतःहून मात्र बंद करू नये.

काही जण मेडिकलमधून संततिनियमनाच्या गोळ्या आणून गुपचूप घेतात, त्वचा मऊ होईल या आशेने. हे धोक्याचे आहे. त्यातल्या इस्ट्रोजेनमुळे पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते, ती फुप्फुसात गेली तर जीव जातो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने तर या गोळ्यांच्या वाटेलाही जाऊ नये. साडीबद्दलची सूचना स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे: परकराची नाडी रोज एकाच जागी करकचून बांधल्याने कातडी सोलवटते आणि वर्षानुवर्षे न भरलेल्या अशा जखमेत क्वचित कॅन्सर होतो. वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी २०२४ मध्ये अशा दोन वृद्ध स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. नाडी सैल ठेवावी किंवा रुंद पट्टा वापरावा.

‘सवय सोडवून देतो’ म्हणणाऱ्यांची मात्र कमी नाही. बसस्थानकाच्या भिंतींवर, लॉजच्या खोल्यांत असे उपचारवाले भेटतात. चूर्ण, अंगारा, ताकदीच्या गोळ्या आणि बदल्यात हजारो रुपये. शास्त्रीय वैद्यकानेही कधीकाळी याहून वाईट केले आहे. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात अशा पुरुषांना त्यांचे आवडते कपडे घालायला लावून उलटीची इंजेक्शने आणि विजेचे झटके दिले जात. ते प्रकार आता सोडून दिलेले आहेत. माणसाचा लैंगिक कल किंवा लिंगभाव बदलण्याचा दावा करणारे ‘परिवर्तन उपचार’ हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांच्या दृष्टीने व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे.

बायकोला एखाद्या दिवशी सुटकेस सापडते. तिला पहिला संशय येतो तो दुसऱ्या बाईचा. ते कपडे नवऱ्याचेच आहेत हे कळल्यावर धक्का वेगळ्या जातीचा असतो आणि तिच्या मनात एकाच वेळी बरेच प्रश्न उठतात: याचे माझ्यावर प्रेम आहे ना, मुलांना कळले तर, मुलीच्या सोयरिकीचे काय, इतकी वर्षे लपवले म्हणजे आणखी काय लपवले असेल? यातला शेवटचा प्रश्न तिला सर्वांत जास्त छळतो. म्हणून सांगायचे असेल तर सापडण्याआधी सांगणे शहाणपणाचे, शांत वेळ पाहून, भांडणाच्या भरात नव्हे. बायकोची साडी तिला न विचारता वापरू नये, ही बाब किरकोळ वाटते, पण बायकांची ठसठस पुष्कळदा तिथेच असते. ऐकल्यावर लगेच समजून घेण्याचे बंधन तिच्यावर नाही. तिला ते मान्य नसेल तर कुठे, केव्हा, कोणासमोर नाही, याच्या मर्यादा दोघांनी बसून ठरवता येतात. त्या ठरवताना तिसरा माणूस समुपदेशक असावा, भावकीतला नसावा.

शिरपुरातून यासाठी मुंबई-पुणे गाठण्याची गरज नाही. धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागाची मदत मिळू शकते. तिथे जायचा संकोच वाटत असेल तर केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्री-बेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. २०१७ च्या कायद्याच्या कलम २३ नुसार मानसिक उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. सुरुवात कशी करायची हे सुचत नसेल तर ‘झोप लागत नाही आणि कामात लक्ष राहत नाही’ इथून केली तरी चालते. सुटकेसचा विषय पहिल्याच फोनमध्ये निघाला पाहिजे असे नाही.